वाढणारीचं ताट

बत्तीस वर्षं मी लोकांच्या घरात शिरले, ती थेट चुलीपर्यंत. पाहुणे ओसरीवर बसतात, पोस्टमन दारात थांबतो, तलाठ्याला खाट टाकून चहा देतात. नर्सबाई मात्र चपला काढते आणि सरळ आत जाते. कुणी बोलावलेलं नसतं, तरी कुणी अडवत नाही. हा मान सरकारी आदेशाने मिळत नाही. तो मी मिळवला आणि मला त्याचा गर्व आहे. आता निवृत्त झाल्यावर लपवायचा तरी कशाला?

मी मूळची धुळ्याकडची, साक्रीच्या बाजूच्या एका खेड्यातली. नोकरी लागली ती रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक वजनकाटा, लशींचा डबा आणि मी. पहिल्याच आठवड्यात एका घरी मी सवयीने विचारलं, "काय व माय, बरं शे ना?" आणि सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्या बोलीत 'शे' नाही, 'हाये' आहे. तेव्हापासून माझं नाव 'शेवाली नर्स' पडलं ते निवृत्तीपर्यंत. सुरुवातीला राग यायचा. पुढे एकदा रजेवर गेले तर बदलीवर आलेल्या बाईंना लोकांनी विचारलं, "आमची शेवाली कोठी गेली?" हे कळलं आणि मी राग सोडला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सचं काम म्हणजे सुई टोचणं. अहो, ते तर या कामातलं सगळ्यात सोपं! अवघड काय, तर गावातली कोणती बाई दिवसांत आहे ते वेळेवर हुडकून काढणं. मग तिचं नाव नोंदवायचं, दर महिन्याला वजन आणि रक्तदाब बघायचा, बोटातून थेंबभर रक्त काढून त्यातलं हिमोग्लोबिन किती ग्रॅम भरतं ते तपासायचं. बाई दिवसांत असताना अकराच्या वर असलं की ठीक. खाली गेलं की मी सावध व्हायचे आणि सातावर आलं की माझं जेवणावरचं लक्ष उडायचं. कारण साधं आहे. बाळंतपणात रक्त जातंच. जिच्याजवळ मुळात असतं, तिला ते निभावतं. जिच्याजवळ नाही, ती बघता बघता हातातून जाते.

म्हणून आम्ही लोहाच्या लाल गोळ्या वाटायचो. त्या गोळ्यांचे किस्से सांगायला बसले तर हा अंक पुरणार नाही. एका बाईचं रक्त चार महिने गोळ्या घेऊन जागचं हलेना. मी दर वेळी रिकामी पाकिटं मोजून बघायचे, पाकिटं तर चोख रिकामी. शेवटी तिची जाऊ हळूच म्हणाली, "बाई, गोळ्या तिचा मालक खाऊ रायला. ताकदीच्या हायेत म्हने." गडी चांगला तालमीत जाणारा. त्याला उपकेंद्रात बोलावलं आणि म्हटलं, "भाऊ, या गोळ्या बाळंतीण होणाऱ्याच्या आहेत. तुमचं नाव नोंदवू का? कितवा महिना?" त्यानंतर गोळ्या जिच्या तिला मिळायला लागल्या.

तरुणपणी मला एक पक्कं वाटायचं. रक्त कमी असणार ते गरिबाघरी. केळीचे घड कापायला सातपुड्याकडून जी कुटुंबं यायची, त्यांच्या पालांवर मी आधी जायचे. तिथल्या अडचणी होत्याच. बाईने तपासणीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडणार, मग ती येतेय कशाला? म्हणून मी पहाटे सहाला ट्रॅक्टर निघायच्या आधी वजनकाटा घेऊन पालावर जाऊन उभी राहायचे. डॉक्टरसाहेब म्हणायचे, बाई, तुमची ड्युटी साडेनवाची. मी म्हणायचे, साहेब, माझी साडेनवाची आहे, त्यांची नाही. पण त्याच पालांवर मी नवरा-बायको एका फडक्यातून भाकरी मोडून खाताना बघायचे. आणि गावात मात्र स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर, मागे पाच एकर केळी, अशा घरची सून सात ग्रॅमवर निघायची. हे कोडं उलगडायला मला काही वर्षं लागली.

ते उलगडलं दुरडीमुळे. आमच्याकडे भाकऱ्या करून दुरडीत रचून ठेवतात. मी सकाळी घरोघरी जायचे, तेव्हा दुरडी भरलेली असायची आणि सगळं छान दिसायचं. एकदा काहीतरी कारणाने मला दुपारी अडीचला जावं लागलं. घरची सून चुलीजवळ जेवत होती. दुरडीत भाकरीचा एक तुकडा, पातेल्याला लागलेली आमटी, आणि वर पाणी. आधी पुरुष जेवले, मग पोरं, मग सासू, आणि मग जे काही उरलं ते तिचं. कुणी तिला उपाशी ठेवत नव्हतं. सासू दुष्ट नव्हती. तीही वीस वर्षं तशीच जेवली होती. त्या दिवसापासून मी गृहभेटीची वेळ बदलली. नाडी बघायच्या आधी दुरडी बघायची, ही माझी पद्धत. आमच्या कुठल्याही प्रशिक्षणात ती शिकवत नाहीत.

आता ज्या घरासाठी हे लिहायला घेतलं, त्या घराकडे येते. पंढरीनानांचं घर. नाना केळीचे जुने बागायतदार, त्यांची बायको अक्का, मुलगा मधुकर आणि सून सिंधू. मी नोकरीत बऱ्यापैकी रुळले होते, तेव्हा सिंधूची पहिली मुलगी माझ्याच हातावर झाली. उज्ज्वला. वजन पावणेदोन किलो. कापसात गुंडाळून, आईच्या छातीशी बांधून आम्ही ती जगवली. पुढे ती चांगली चुणचुणीत निघाली, पण अंगाने कायम लहानखुरी. शाळेत रांगेत पहिली उभी राहायची. बारावी झाली, एकोणिसाव्या वर्षी बोदवडला दिली, आणि एकविसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. माझ्या निवृत्तीला तेव्हा पाच महिने उरले होते.

तिच्या बोटातलं रक्त तपासलं. साडेसात.

मी पुन्हा तपासलं. साडेसातच. मनात म्हटलं, हिला मी पावणेदोन किलोची असताना हातात धरलंय, आता हिला जाऊ देणार नाही. खरंच असं म्हटलं, शब्दाने. प्राथमिक आरोग्य केंद्रावर डॉक्टरांनी सलाइनमधून लोह सुरू केलं. गोळ्या होत्याच. पण मला ठाऊक होतं, नुसत्या बाटलीने होत नाही, ताटातही पडायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी नानांच्या घरी जाऊन बसले.

नाना आणि मधुकर जेवून उठले होते. उज्ज्वला काही जेवायला बसेना. "भूक नई हो मावशी," एवढंच. माहेरवाशीण, तीही दिवसांतली, तिला कुणी अडवणार नव्हतं. सिंधू तर ताट घेऊन मागे लागली होती. मग खरं काय ते हळूहळू बाहेर आलं. अक्का पुरुषांच्या आधी जेवत नाही. सासू जेवल्याशिवाय सून जेवत नाही. आणि पोरीला लहानपणापासून माहीत, की आपण पोटभर खाल्लं तर आईला शेवटी कमी पडतं. म्हणून ती अर्ध्या भाकरीवर उठायची. सासरी तेच, माहेरी तेच. मी विचारलं, "मग सिंधू जास्तीच्या दोन भाकऱ्या का टाकत नाही?" उज्ज्वला म्हणाली, "मावशी, ज्याले-त्याले किती लागता ते मोजूनच तं टाकता. बाईमानसाचं कोन मोजते?"

या गाठीचं टोक अक्कांच्या हातात होतं. अक्का म्हणजे सत्तरीची बाई, जिभेने तिखट, मनाने सरळ. आदल्या दिवाळीत अंगणात नुसत्या घसरल्या तर मनगट मोडलं, इतकी हाडं झिजलेली. मी पहिल्यांदा सरळ सांगून बघितलं. म्हटलं, अक्का, तुम्ही आधी जेवत जा, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना जेवता येईल. अक्का उखडल्याच.

"काय व, तू मले माह्याच घरात शिकवू रायली? मानसं जेवल्याबिगर बाई जेवते का? माही सासू अशीच जेवली, मी अशीच जेवली. मेलो का आम्ही?"

"मेल्या नाहीत, पण मनगट कशानं मोडलं?"

"घसरली म्हनून मोडलं!"

मी घरी आले. रात्रभर विचार वगैरे काही केला नाही, मला असलं पटकन सुचतं. अक्कांना मनगटासाठी डॉक्टरांनी कॅल्शियमची पांढरी गोळी दिलेली होती. तीच गोळी उज्ज्वलालाही होती. ती जेवणानंतर घ्यायची, इथपर्यंत सगळं खरं. पुढचं मी माझ्या पदरचं जोडलं. दुसऱ्या दिवशी जाऊन चेहरा गंभीर करून सांगितलं, "अक्का, ही गोळी बाराच्या ठोक्याला लागते. पोटभर जेवून. आणि एकाच घरात दोघींना असेल तर दोघींनी एकाच वेळी बसून घ्यायची. नाहीतर लागू पडत नाही."

धादांत खोटं! नोकरीत मी खोटं रजिस्टर कधी लिहिलं नाही, पण हे खोटं बोलले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, उज्ज्वलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "दवाखान्याचंच हाये तं करनं भाग हाये."

चार दिवसांनी बाराला मी मुद्दाम तिथे गेले. अक्का आणि नात समोरासमोर बसून जेवत होत्या. गरम कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, वरण, शेवग्याची भाजी. तेवढ्यात नाना केळीच्या व्यापाऱ्याला घेऊन बागेतून आले. त्यांनी दारातून बघितलं आणि थबकले. लग्नाला पन्नास वर्षं झाली असतील, बायकोला आपल्या आधी जेवताना त्या माणसाने पाहिलं नव्हतं. अक्कांचा घास हातातच. मला वाटलं, उठल्या की गेलं सगळं. पण अक्का उठल्या नाहीत.

"बसा जरा ओसरीवर," त्या म्हणाल्या. "आमच्या गोळीचा टाइम हाये."

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "बसा शेठ. दवाखान्याचं काम चालू हाये." आणि खरंच बाहेर जाऊन बसले. मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या साहेबांकडून शाबासकी घेतली, पण त्या दिवशी नाना ओसरीवर जाऊन बसले त्यासारखं सुख मला कशातच झालं नाही.

निघताना मी चुलीजवळ सिंधूला विचारलं, "तू?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "कोनी तं वाढायले पाहिजे ना ताई. मी जेवीन मांगून." मी मान डोलावली. मान डोलावली आणि घरी गेले! दुरडी बघणारी मी, मला जेवणाऱ्या दोघी दिसल्या आणि मी खूश झाले. वाढणारीकडे माझं लक्षच गेलं नाही. खोटंच बोलायचं होतं, तर 'दोघींनी' म्हणण्याऐवजी 'तिघींनी' म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं?

नवव्या महिन्यात उज्ज्वलाचं रक्त दहाला टेकलं. वजन वाढलं, गाल भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळची वेळ होती. रावेरच्या दवाखान्यात अकराच्या सुमाराला ती बाळंत झाली. मुलगी, पावणेतीन किलो. सिंधूने बाळ घेतलं आणि मी हात धुवायला वळले, तर डॉक्टरांचा आवाज बदललेला ऐकू आला. रक्त थांबत नव्हतं.

इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाइन लावलं, आणि ॲम्ब्युलन्स जळगावला निघाली. मी मागे तिच्याजवळ बसले. अशा वेळी पोटावर हात ठेवून गर्भाशय सारखं चोळावं लागतं, म्हणजे ते आवळून राहतं आणि रक्त कमी जातं. रावेर ते जळगाव, अख्खा रस्ता मी हात काढला नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत काही जाणवेनासं झालं. उज्ज्वला मध्येच डोळे मिटायची की मी ओरडायचे, "ए उजू, झोपायचं नाही! माझ्याशी भांड, पण झोपू नको!" मी मनातून घाबरलेली होते. हे आज सांगते, तेव्हा कुणाला दिसू दिलं नाही.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. अर्ध्या-पाऊण तासाने रक्तस्राव थांबला, पण गेलेलं भरून काढायला दोन पिशव्या रक्त हवं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "रक्त दहाचं होतं म्हणून इथवर आली. साडेसातावर असती तर रस्त्यातच गेली असती." अक्कांच्या दुपारी बाराच्या जेवणाने ती पोर जगवली होती.

रक्तपेढीने पिशव्या दिल्या आणि बदल्यात नात्यातल्या कुणी दोघांनी रक्त द्यावं, असं सांगितलं. जावई बोदवडहून निघाला होता. मधुकर आणि सिंधू बाळाला घेऊन मागच्या गाडीने येऊन पोचले होते, बाळ वॉर्डातल्या नर्सकडे दिलं होतं. सिंधू सगळ्यात पुढे झाली. पदर खोचला, हात पुढे केला. "माहं घ्या. जितकं लागन तितकं घ्या. माही पोर हाये."

रक्त घेण्याआधी तिथे एक साधी परीक्षा करतात. निळ्या पाण्याच्या भांड्यात रक्ताचा थेंब टाकतात. दमदार असला तर बुडतो, पातळ असला तर वरच राहतो. सिंधूचा थेंब वर तरंगत राहिला. तिथल्या मुलीने यंत्रावर पुन्हा तपासलं. आठ.

"मावशी, तुमचं चालणार नाही," ती म्हणाली. "तुम्हालाच चढवायची वेळ आहे."

सिंधूला कळेना. ती हात मागे घेईना. "असं कसं? आईचं चालत नई का?" मी तिला धरून बाकावर बसवलं, तेव्हा ती रडायला लागली. पोरीसाठी द्यायला स्वतःजवळ काही नाही, याची तिला लाज वाटत होती. लाज वाटायची ती मला. तिच्या घरात मी बावीस वर्षं ये-जा केली. बाळंतपणं झाली, पोरं पाच वर्षांच्या वर गेली, आणि सिंधू माझ्या रजिस्टरातून संपली. चाळिशीतल्या, दिवसांत नसलेल्या बाईसाठी माझ्याकडे रकानाच नव्हता. आणि रकाना नाही म्हणून मीही कधी तिचं बोट टोचून बघितलं नाही.

मग मधुकरने हात पुढे केला. त्याचा थेंब निळ्या पाण्यात पडल्यापडल्या तळाशी गेला. साडेचौदा. त्याने रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. मधुकर कमी बोलणारा माणूस. म्हणाला,

"ताई, एक इचारू का? एकच चूल, एकच वरन, एकच भाकर. माहं साडेचौदा आन् हिचं आठ, असं कसं?"

मी म्हटलं, "मधुभाऊ, ती काय जेवते, किती जेवते, तुम्ही कधी बघितलंय?"

तो आठवत राहिला. खरोखर आठवत होता, हे मला दिसत होतं. मग मान खाली घालून म्हणाला, "नई ताई. बावीस-तेवीस वर्सं झाली. मी हिले जेवतानी पाह्यलंच नई."

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. परत आल्यावर निवृत्तीपर्यंतचे जे तीन महिने मला मिळाले, त्यात मी माझ्या उपकेंद्राखालच्या चारही गावांतल्या वाढणाऱ्या बायकांचं रक्त तपासत सुटले. रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर हाताने रेघा मारून त्यांची नावं लिहिली. साहेब म्हणाले, हे कुठल्या योजनेत बसतं? मी म्हटलं, कुठल्याच नाही, म्हणूनच लिहितेय. पहिलं नाव सिंधूचं. सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ पुरला नाही, ती खंत आहे. पण माझ्या जागी आलेल्या मुलीने ती पानं पुढे चालवली आहेत.

तर दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर रंग आला होता. बाळाने अंगावर चांगलं ओढायला सुरुवात केली होती. गावाहून डबा आला. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेभोवती नातेवाईक, पाय ठेवायला जागा नाही. सिंधू सवयीने उठली आणि डबा उघडायला पुढे झाली. मधुकरने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"तू बस."

"अहो, मी वाढते ना—"

"बस म्हनलं ना."

त्याने खाली वर्तमानपत्र पसरलं, डब्याच्या झाकणात वरण ओतलं, वर दोन भाकऱ्या ठेवल्या आणि झाकण तिच्यापुढे सरकवलं. वाढायची सवय नसलेला हात, वरण अर्धं कागदावर सांडलं. उज्ज्वला खाटेवरून मान वळवून बघत होती. शेजारच्या खाटेवरच्या बायकाही बघायला लागल्या. सिंधूने पदर पुढे ओढला आणि हळूच म्हणाली,

"तुम्ही घ्या ना आधी. लोक पाहू रायले."

"पाहू दे लोकायले," मधुकर म्हणाला, आणि मांडी घालून तिच्यासमोरच बसला. "मीबी पाहू रायलो."

सिंधूने डोळे पुसले आणि भाकरी मोडली.